सांधणी

एप्रिल संपत आलेला. अशोक चौकामागची गच्ची.
रात्रीचे दहा, तरी फरशी
चटईतून ऊब वर सोडतेच आहे.
श्रीहरी बोटीवरच्या बारमधून सुट्टीवर आलाय,
तीन बाटल्या चादरीत गुंडाळून.
चादर सोलापुरीच,
जाताना इथूनच नेलेली.

मी तीस वर्षं रंगखात्यात काढली.
रंग आधी नाकाला कळतो, मग डोळ्यांना,
आणि कधीकधी जिभेला, मालकाला माहीत नव्हतं ते.
म्हणून श्रीहरी म्हणाला, मामा, आधी तुम्ही.
टवका उडालेला पेला मी घेतला.

पहिली फिकी, वाळल्या कडब्याच्या रंगाची.
ओल्या बदामाचं साल. मीठ.
आणि मागून, नक्की, रात्रभर ठेवलेल्या खळीचा वास,
पीठ आंबायच्या जरा अलीकडचा.
नान्नजहून आलेला दिगंबर गवसाणे म्हणाला,
"ह्यात गोड कुठंय वो?"
आणि शेंगाचटणीकडं वळला.

दुसरी तांबूस.
कात उकळताना कढईवर येतो तो रंग.
अक्रोड म्हणायचं असतं, श्रीहरी सांगत होता.
मला तो धोटा वाटला,
तेल आणि तळहात पिऊन पिऊन काळा झालेला.

तिसरी काळी. काकवीच.
पेला कलता केला तरी
कडेवरून खाली यायला राजी नाही.
एरवी तोंड न मिटणारा दिगंबर
एक घोट घेऊन गप्प बसला.
मग म्हणाला,
"ही आमच्या शेडातली खालची जाळी की बे!
काळा पडतो ना बेदाणा, व्यापारी पायानं सारतो बाजूला, तो!"
श्रीहरी म्हणाला, तिकडं मुद्दामच तसं वाळवतात,
उन्हात, चटयांवर, मग पिळतात.
दिगंबरनं किंमत विचारली,
बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिला.
"गेल्या साली मी तो गायींपुढं टाकला," म्हणाला.
"श्रीमंत होत्या गायी."

किती जुनी, मी विचारलं.
सांगता येत नाही, मामा.
शेरीची पिंपं एकावर एक असतात,
खालच्यातून थोडी काढायची,
तेवढी वरच्यातून भरायची, त्यात त्याच्या वरची,
नवी फक्त सगळ्यात वर.
कुठलंच पिंप कधी पुरतं रिकामं होत नाही.
पहिल्या वर्षाचा थेंब यातही असेल,
नसेलही.

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती.
ताणा संपत आला की पुरता काढत नाहीत.
वीतभर फणीत राहू देतात
आणि नव्याचा एकेक धागा
जुन्याच्या टोकाला वळतात, चिमटीला राख लावून.
भूदेवी लग्न होऊन आली तेव्हापासून तेच करायची,
दिवसाला दोन हजार धागे, मान वर न करता.
म्हणजे बापाच्या मागावर चाळीस वर्षं
एकच कापड चाललं होतं.
आम्ही ते अधूनमधून कापून विकलं, इतकंच.

मग माग किलोवर गेला.
शेवटच्या ताण्याला कुणी काही सांधलं नाही.

हे मी बोललो नाही.
"गोड आहे," म्हणालो,
आणि कडक भाकरीचा तुकडा मोडला.
त्याचा आवाज गच्चीभर झाला.

भूदेवीनं घेतली नाही. शनिवार, बालाजीचा वार.
ती ताट घेऊन आली, बसली, ऐकलं,
दिगंबरच्या गायींवर हसली, खाली गेली.

सकाळी मोरीत पेले घासायला घेतले तिनं.
मी दात घासत दारात.
टवक्याचा पेला तिनं नाकाशी धरला होता,
रिकामा, तळाला नखभर डाग वाळलेला.
डोळे मिटलेले. दुसऱ्या हाताचा अंगठा
तर्जनीवर आपोआप फिरत होता.

कशाचा वास, मी विचारलं नाही.
चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं,
बादली भरून वाहत होती,
आणि ती ते वाहू देत होती.